कोथरूड–हिंजवडी रोजच्या प्रवासासाठी प्लग-इन हायब्रिड घ्यावी का?

प्रश्न: प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत प्लगवर चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी, घ्यायचा विचार आहे. जाऊन-येऊन पस्तीसेक किमी, महिन्यातून एकदा मुंबई. सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे, पण तिथे प्लग नाही. काय पाहावं?

उत्तर १: आधी प्लगचं बघा, गाडीचं नंतर. रोज चार्ज होणार नसेल तर ही गाडी घेऊच नका. रिकामी बॅटरी म्हणजे नुसतं जास्तीचं वजन, मग साधी स्ट्राँग हायब्रिडच (प्लग न लागणारी, चालता चालताच बॅटरी भरणारी) बरी. शहरात किमीला साधारण २०० वॅट-तास धरा, म्हणजे तुमचे रोजचे ७ युनिट. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनेक तासांत भरतील.

उत्तर २: सोसायटीचं ना-हरकत पत्र घ्या आणि स्वतःच्या मीटरवरूनच लाइन ओढा. ४ चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि पक्कं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. तासन्‌तास १२-१३ अँपिअर वाहिले की सैल पिन तापते, आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. चार्जिंग चालू असताना प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.

उत्तर ३: मुंबईला जाताना लोणावळ्यापर्यंत बॅटरी थोडी वापरून ठेवा. ती पूर्ण भरलेली असेल तर खंडाळ्याच्या उतारावर रीजनला (वेग कमी करताना बॅटरीत परत वीज भरण्याला) जागाच उरत नाही, ब्रेकवर जास्त भार येतो. आणि रोज विजेवरच चालवलीत तरी अधूनमधून इंजिन पुरतं गरम होईपर्यंत चालवा. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका, शिळं होतं.