प्रतिसाद: मिंटवर वायफाय आणि फिंगरप्रिंट

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यावर लॅपटॉपचं वायफाय आणि फिंगरप्रिंट चालत नाही, असा प्रश्न आहे. वायफायच दिसत नाही म्हणून लगेच विंडोजकडे परतू नका. आधी टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) 'एलएसपीसीआय' (lspci) ही कमांड चालवून वायफाय कार्ड कोणत्या कंपनीचं ते बघा. ब्रॉडकॉम कंपनीचं निघालं तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेगळा टाकावा लागेल. नेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर तिथे पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. 10 सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते आणि ड्रायव्हर असूनही वायफाय बंदच! म्हणून लक्ष ठेवून 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडा, तोच पासवर्ड द्या. फिंगरप्रिंटचा सेन्सर मात्र लिबएफप्रिंटच्या (लिनक्सवर फिंगरप्रिंट सेन्सर चालवणारं सॉफ्टवेअर) यादीत नसेल, तर त्याच्यामागे वेळ घालवू नका.