मदत हवी आहे: इंग्रजी आजीचे ‘मीठ’ आणि ‘पाऊस’ मराठीत कसे आणावेत?

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी आठवणीवजा लेखनाचा मी मराठी अनुवाद करीत असून दोन वाक्प्रचारांपाशी आठ दिवस अडलो आहे. त्यातील आजी यॉर्कशरची आहे. तिचे अर्धे आयुष्य चुलीपाशी आणि उरलेले खिडकीतून आभाळ न्याहाळण्यात गेले आहे, आणि ती बोलते तेही खाण्यापिण्याच्या व हवापाण्याच्या भाषेत. त्यामुळे नुसता अर्थ सांगून मोकळे होता येत नाही. ‘त्यावर सावधपणे विश्वास ठेव’ असे वाक्य तिच्या तोंडी घातले, की आजी नाहीशी होते आणि एखादा बँक अधिकारी बोलू लागतो.

काही ठिकाणी मराठीनेच हात दिला. इंग्रजीतल्या कुत्र्यामांजरांच्या पावसाला (‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’) ‘मुसळधार’ आहेच, आणि मुसळ स्वयंपाकघरातलेच असल्यामुळे आजीला शोभतेही. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’साठी ‘दुष्काळात तेरावा महिना’ घेतले आहे. यॉर्कशरमध्ये अधिक महिना कसा, असे संपादकांनी विचारल्यास माझ्याकडे उत्तर नाही. ‘स्टॉर्म इन अ टीकप’ तर ‘पेल्यातील वादळ’ होऊन आपल्या वर्तमानपत्रांत केव्हाच रुळले आहे. रोमन वक्ता सिसेरो याने वापरलेल्या याच अर्थाच्या लॅटिन म्हणीत लाटा उठतात त्या पळीत. म्हणजे ती थेट आपल्याकडे आली असती, तर आपण पळीतील वादळ म्हणालो असतो.

खरी अडचण मिठाची आहे. शेजारी आपल्या सैन्यातील पराक्रमांच्या गोष्टी सांगून जातो आणि आजी नातवाला म्हणते, ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’, म्हणजे चिमूटभर मिठासोबत घे, सगळेच खरे मानू नकोस. पहिल्या खर्ड्यात मी ‘चिमूटभर मीठ लावून ऐक’ असे लिहिले. आईने ते वाचून विचारले, “तिखटमीठ लावून का रे?” तिचे बरोबर होते. मराठीत मीठ लावतो तो सांगणारा, इंग्रजीत ते लावून घेतो तो ऐकणारा. शिवाय आपल्याकडे मिठाचा खडा पडला की दूध नासते. या वाक्प्रचाराचे मूळ बहुधा थोरला प्लिनी या रोमन लेखकाकडे जाते. इसवी सन 77 च्या सुमारास त्याने मिथ्रिडेटीस राजाचा विषावरील उतारा नोंदवला, त्यात 2 सुके अक्रोड, 2 अंजिरे आणि सतापाची 20 पाने कुटून वर मिठाचा एक कण घालायला सांगितला आहे. तिथे मीठ खरोखरचे आहे, संशयाचा अर्थ नंतर चिकटला. पण ही सगळी हकीकत तळटीपेत कोंबण्याची माझी इच्छा नाही.

दुसरा प्रश्न ‘रेनी डे’चा. आजी चहाच्या रिकाम्या डब्यात दर शनिवारी एक शिलिंग टाकते आणि हे पावसाच्या दिवसासाठी, असे म्हणते. पाऊसपाणी बरे झाले याला जिथे सुवार्ता मानतात, तिथे पावसाचा दिवस म्हणजे वाईट दिवस हे वाचकाला कसे पटावे? ‘अडीअडचणीसाठी’ हा शब्द चालेल, पण त्यात आभाळ उरत नाही. कृपया जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद:

मिठाचा हट्ट सोडावा, स्वयंपाकघर सोडू नये. “त्याचं बोलणं जरा पाखडून घे” असे आजी म्हणाली, तर सुपातले फोल उडते आणि दाणे उरतात, म्हणजे शेजाऱ्याचे थोडे खरेही ठरते. ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ वापरल्यास तो पुरता थापाड्या होईल. पावसाच्या बाबतीत आम्हा कोकणातल्यांना अडचण वाटत नाही, कारण आमच्याकडे मे महिन्यात सुकी मासळी, आमसुले, पापड आणि जळाऊ लाकडे भरून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडची, बेगमी करतात, आणि गोव्यात अशाच साठवणीला पुरुमेत म्हणतात. देशावरच्या वाचकाला आगोट कळेलच असे नाही, म्हणून ‘पावसाळ्याची बेगमी’ लिहावे.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. डब्यापाशी ‘पावसाळ्याची बेगमी’ घातले आहे. ‘पाखडून घे’ असलेले पान आईला पुन्हा वाचायला दिले. या वेळी तिने काही न विचारता पान उलटले.