100 किलोडाल्टनच्या मेम्ब्रेनमधून प्लाझमिड निसटत आहे: मदत हवी आहे

नमस्कार. ई. कोलाय या जिवाणूत वाढवलेले सुमारे 6,000 बेसजोड्यांचे प्लाझमिड (जिवाणूतील छोटा गोल डीएनए) सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालण्याइतके शुद्ध करायचे आहे. आरएनेज (आरएनए तोडणारे एन्झाइम) गाईच्या स्वादुपिंडापासून मिळवलेले असल्यामुळे ते टाळायचे आहे, आणि बाजारातील छोट्या कॉलममधून हवे तेवढे प्लाझमिड मिळत नाही. म्हणून 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड व 1 टक्का एसडीएस (एक डिटर्जंट) वापरून पेशी फोडतो, पोटॅशियम ॲसिटेटने उदासीन करतो, गुणसूत्री डीएनए व प्रथिनांचा पांढरा गोळा काढून टाकतो आणि उरलेले स्वच्छ द्रावण टॅन्जेन्शियल फ्लो पद्धतीच्या (द्रव मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाला समांतर वाहतो अशा) अल्ट्राफिल्ट्रेशनला लावतो, म्हणजे प्लाझमिड मेम्ब्रेनच्या वर राहावे आणि आरएनए खाली गाळून जावा.

अडचण अशी की दाब वाढवला की खाली गाळून येणाऱ्या द्रवात प्लाझमिडचा पट्टा जेलवर स्पष्ट दिसतो, आणि दाब कमी ठेवला तर प्लाझमिड वर राहते खरे, पण भरपूर बफरने धुऊनही आरएनएचा धूसर पट्टा जात नाही. एका बेसजोडीचे 650 डाल्टन धरले तर प्लाझमिड सुमारे 39 लाख डाल्टनचे होते, म्हणजे मेम्ब्रेनच्या मर्यादेच्या जवळजवळ चाळीसपट. मेम्ब्रेन हवेच्या दाबाच्या चाचणीत उत्तीर्ण झाले आहे. मग प्लाझमिड निसटते कसे? 30 किलोडाल्टनचे मेम्ब्रेन घ्यावे का?

प्रतिसाद:

मेम्ब्रेनमध्ये दोष दिसत नाही. मेम्ब्रेनवरचा आकडा प्रथिने किंवा डेक्स्ट्रान (साखरेची लांब साखळी) यांवरून ठरवलेला असतो. प्लाझमिड मात्र लांब, लवचीक रेणू आहे. छिद्राच्या तोंडाशी प्रवाह वेगाने आत खेचला जातो तेव्हा सुपरकॉइल्ड (स्वतःभोवती पिळलेले) प्लाझमिड ताणले जाऊन आत शिरते. त्यामुळे त्याच्या वजनापेक्षा प्रवाहाचा वेग निर्णायक ठरतो, आणि ठरावीक वेगाच्या खाली ते बहुतांशी अडवले जाते. म्हणून दाबावर विसंबण्याऐवजी गाळलेल्या द्रवाच्या नळीवर पंप बसवून तो वेग नियंत्रित करावा. क्षार जास्त असतील तर डीएनएवरील ऋण प्रभार झाकला जाऊन गळती वाढते आणि तुमचे द्रावण ॲसिटेटने भरलेले आहे, तेव्हा सुरुवातीला वेग विशेष कमी ठेवावा.

30 किलोडाल्टनचे मेम्ब्रेन मी घेणार नाही, कारण त्यात आरएनए अधिकच अडकेल. 23एस रायबोसोमल आरएनए (जिवाणूच्या रायबोसोममधील एक मोठा आरएनए) सुमारे 2,900 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे जवळजवळ 10 लाख डाल्टनचा असतो; तो 100 किलोडाल्टनमधूनही सहज उतरणार नाही. असा मोठा आरएनए आधीच कॅल्शियम क्लोराइडने अवक्षेपित करून (गाळाच्या रूपात खाली बसवून) सेंट्रिफ्यूजने काढावा आणि टीआरएनएसारखे लहान रेणू मेम्ब्रेनवर सोपवावेत. पुढच्या धुण्यात फॉस्फेट बफर वापरू नये, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेट बसून छिद्रे बुजतील. शुद्धता 260 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाच्या वाचनावरून ठरवू नये, कारण तेथे आरएनएही प्रकाश शोषतो, जेलच पाहावे.

पेशींत घालायचे असल्यामुळे एंडोटॉक्सिनही (ई. कोलायच्या बाह्य आवरणातील विषारी घटक) तपासावे. त्याचे पुंजके मोठे असल्याने ते प्लाझमिडबरोबर वरच राहतात, आणि त्यासाठी नंतर ॲनायन-एक्सचेंज मेम्ब्रेनचा (ऋण प्रभाराचे रेणू धरून ठेवणाऱ्या मेम्ब्रेनचा) टप्पा बहुधा लागेलच.