मॉड्युलेशनच्या चाकाला काय म्हणता? कंप की हेल?

परभणीकर: सुट्टीत गावातल्या पोरापोरींना कीबोर्ड शिकवतो. यंदा त्यांच्यासाठी मराठीत टिपण करायला बसलो आणि डावीकडच्या दोन चाकांपाशीच अडलो. सूर वर-खाली ओढणाऱ्या पिच बेंडला 'मींड' (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लिहिलं, बहुधा सूर हलवत ठेवणाऱ्या मॉड्युलेशनला 'कंप'. तर देवीच्या गोंधळात कीबोर्ड वाजवणारे एक काका म्हणाले, "कंप कामून? त्याला थंडी वाजायली का? आम्ही हेल म्हणतो. 'हेल दे' म्हटलं की पोरगं चाक वर सारतंय." मला हेल फक्त बोलण्यातला माहीत. तुमच्याकडं कुणी ऐकलाय?

अंबाजोगाईकर: ऐकला नाही, पण उत्तम आहे. हेलावणे, हेलकावा, हेल ही एकाच घरातली असावीत. सूर जागेवरून थोडा वर, थोडा खाली झुलतो. हेलच की.

पेटीवाली_जालना: मींड मात्र पिच बेंडला देऊ नका दादा. ते चाक सोडलं की स्प्रिंगनं मधोमध परत येतं, आणि बहुतेक कीबोर्डवर मुळात दोनच अर्धस्वर वर-खाली लावलेलं असतं. 'ओढ' म्हणा.

अंबाजोगाईकर: ताई, सतारीवर तार ओढूनच मींड निघते.

नांदेडहून: कंप आणि हेल, दोन्ही अपुरे. आतला संथ ऑसिलेटर, म्हणजे एलएफओ, सुराला सेकंदात पाच-सहा वेळा हलवतो तेव्हा कंप. तोच फिल्टरला, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणाऱ्या चाळणीला, जोडला की सूर जागचा हलत नाही, आवाज उघडझाप करतो, वाव-वाव. मिडीत, म्हणजे वाद्यं एकमेकांना संदेश देतात त्या भाषेत, हे चाक म्हणजे कंट्रोलर क्रमांक १, किंमत ० ते १२७. तो आकडा कशाला लावायचा ते वाजवणारा ठरवतो. काम बदलतं तिथं कामाचं नाव कसं चालेल? मॉड्युलेशनच राहू द्या.

अंबाजोगाईकर: सगळंच राहू द्यायचं तर टिपण मराठीत कशाला? रेझोनन्सला अनुस्पंदन आहे, फ्रिक्वेन्सीला कंप्रता आहे. वापरलेच नाहीत तर रुळणार कधी?

नांदेडहून: स्टेजवर 'अनुस्पंदन कमी कर' असं एकदा तरी ऐकलंय का सर? पोरांना तिथं उभं राहायचंय.

परभणीकर: पुढचं पान सांगतो, पट्टी दाबल्यापासून आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारी चार बटणं. अटॅकला उठाव, डिकेला उतार, सस्टेनला टिकाव, रिलीजला ओसर.

पेटीवाली_जालना: ओसर फार आवडला. बोट उचलल्यावर आवाज खरंच पुरासारखा ओसरतो. पण टिकाव चुकतोय, आणि पोरं इथंच फसतील. बाकीच्या तिन्ही वेळा आहेत, सस्टेन ही पातळी आहे: उतार झाल्यावर, पट्टी दाबलेली असेपर्यंत आवाज किती मोठा राहील तेवढंच ते सांगतं. संबळाचा आवाज बसवताना मी सस्टेन शून्यावर नेला, उतार आखूड केला, तेव्हा कुठं टिपरूचा घाव लागला. नंतर सस्टेन जरासा वर घेतला तर घावामागं पेटीसारखा सूर लोंबायला लागला, बोट उचलेपर्यंत. टिकाव वाचून पोरं बटण फिरवतील आणि आवाज जास्त वेळ का घुमत नाही म्हणून विचारतील. त्याला ओसर वाढवावा लागतो. 'ठाव' लिहा, किंवा सरळ 'पातळी'.

गोंधळी_तुळजापूर: ताईंचं बरोबर. आमच्यात रेझोनन्सला जवारी म्हणतेत. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून वरचं गाळतो ती हद्द, खाली घेतला की आवाज गोधडीत गुंडाळल्यागत होतोय, मग जवारी वाढवली की त्याला टोक येतंय.

नांदेडहून: जवारी तिथं नको. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले बारीक सूर, खुलतात, ती जवारी. रेझोनन्स कटऑफजवळचा तेवढाच पट्टा उचलतो. जवारी द्यायचीच तर कटऑफ उघडण्याला द्या.

गोंधळी_तुळजापूर: कानाला जे लागतं ते म्हणतो आम्ही. तीस वर्षं म्हणतो.

अंबाजोगाईकर: जवारी मूळ 'जीव'वरून, असं आमचे गुरुजी सांगत. तारेला जीव येतो.

गोंधळी_तुळजापूर: आमच्या घरी ज्वारीलाच जवारी म्हणतेत. दोरा दाण्याएवढाच सरकवायचा म्हणून जवारी, असं वडील सांगायचे. तंबोरा मांडीवर आडवा घ्यायचे, एका हातानं तार छेडायची, दुसऱ्यानं दोरा रेटायचा. आवाज एकदम फुलायचा तिथं थांबायचं.

पेटीवाली_जालना: दाण्याएवढा जास्त होतो काका. आमच्याकडं केसाएवढा म्हणत. दोरा सुती घेता की रेशमी?