मदत हवी आहे : आईचा दमा, रोजचा पंप आणि स्पेसर

नमस्कार. माझ्या ६४ वर्षांच्या आईला दम्यासाठी डॉक्टरांनी दोन पंप दिले आहेत: श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा बुडेसोनाइडचा, जो सकाळ-संध्याकाळ रोज घ्यायचा आहे, आणि धाप लागली तरच वापरायचा साल्ब्युटामॉलचा निळा. निळ्याने काही मिनिटांत बरे वाटते, म्हणून तिचा सारा भरवसा त्याच्यावर. रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून मात्र ‘सवय लागेल’ या धास्तीने ती तो टाळते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अगदी थोडी असते, हे सांगून झाले. तिला शेजारच्या काकूंचे म्हणणे अधिक पटते.

दुसरी अडचण हातांची आहे. सांधेदुखीमुळे डबी दाबणे आणि त्याच क्षणी सावकाश श्वास आत ओढणे तिला जमत नाही, त्यामुळे फवारा जिभेवरच बसतो. डॉक्टरांनी आता स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचा पोकळ डबा, सुचवला आहे; फवारा आधी त्यात जमतो आणि मग सावकाश श्वासाने घेता येतो. ज्यांच्या घरी ज्येष्ठ व्यक्ती तो वापरतात, त्यांनी कृपया सांगावे: मास्कचा सोयीचा पडतो की नळी ओठांत धरायचा? धुतल्यावर कापडाने न पुसता तसाच वाळू देण्याचे तुम्ही कसे जमवता? आणि पंपानंतर चूळ भरण्याची सवय कशी लावलीत? औषध बदलण्याचे सल्ले नकोत. ते डॉक्टर पाहतील.