मदत हवी आहे: गाडीत लावला की जीपीएस रस्ता दाखवत नाही, परवा पहाटे स्कायला निघायचंय

लीड्सचा_सांगलीकर (बुधवार, रात्री ९:१२)
मंडळी, जरा घाईत आहे. परवा पहाटे आई-बाबांना घेऊन इंग्लंडमधल्या लीड्सहून स्कॉटलंडच्या स्काय बेटावर निघतोय. पहिला मुक्काम फोर्ट विल्यम, दुसऱ्या दिवशी बेटावरचं पोर्ट्री. वाटेतल्या ग्लेनकोच्या पुढे फोनला रेंज येते-जाते असं जो तो सांगतो, म्हणून काचेला चिकटवायचा जीपीएस आणला. घरात एकदम झकास चालतो. नकाशा येतो, पोस्टकोड टाकला की रस्ता काढतो, बाईही बोलते. गाडीत लावला की संपलं, काही म्हणजे काही दाखवत नाही. सगळी सेटिंग्ज बघून झाली, रीसेटही मारला. कोणाला अनुभव असेल तर पटकन सांगा. गूगल मॅप वापरा हे कृपया सांगू नये.

पाट्याटाकू (९:१९)
गूगल मॅप वापरा. घरच्या वायफायवर स्कॉटलंडचा तुकडा उतरवून ठेवा, रेंज नसली तरी रस्ता सांगतो. ट्रॅफिक तेवढं कळत नाही, पण तिकडे ट्रॅफिक म्हणजे मेंढ्या.

लीड्सचा_सांगलीकर (९:२१)
शेवटचं वाक्य वाचलंत का?

रस्तामापक (९:३०)
कुठलं मॉडेल? किती जुनं? गाडी कोणती? आणि "दाखवत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? स्क्रीन काळी पडते, उपग्रह सापडत नाहीत, की रस्ता काढताना अडकतो? तिन्हींचं औषध वेगळं आहे.

लीड्सचा_सांगलीकर (९:३४)
कंपनीचं नाव लिहीत नाही. मागे एका धाग्यावर लिहिलं तर मूळ प्रश्न राहिला बाजूला आणि लोक आठवडाभर भांडत बसले. जुना आहे, पण चालतोय ना घरात! गाडी साधी हॅचबॅक. दाखवत नाही म्हणजे दाखवत नाही.

खडूस_आजोबा (९:४६)
काच बघा आधी. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उन्हासाठी धातूचा पातळ थर असतो. उपग्रह वर वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो, त्यात धातू आडवा आला की खेळ खलास. अशा काचेला आरशाच्या मागे एक मोकळा चौकोन सोडलेला असतो, ठिपक्याठिपक्यांचा. फ्रान्समध्ये टोलचा टॅग तिथेच चिकटवतात. तुमचा डबाही तिथे लावून बघा.

आणि या उपकरणांवर फार विसंबू नये. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत होती, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. आम्ही त्या काळात कागदी ॲटलस मांडीवर घेऊन अख्खं वेल्स फिरलो.

नाविक_भारतीय (९:५५)
म्हणूनच म्हणतो, परक्याच्या उपग्रहांवर किती दिवस राहायचं? आपली नाविक यंत्रणा आहे. इस्रोने २०१३ पासून उपग्रह सोडायला सुरुवात केली. नाविक चालणारं यंत्र घ्या, प्रश्न मिटला.

रस्तामापक (१०:०१)
नाविकचा आवाका भारत आणि भोवतालचे दीड हजार किलोमीटर. त्यात स्काय बेट कुठे बसवता?

नाविक_भारतीय (१०:०४)
तत्त्वाचा प्रश्न आहे.

अर्धा_इंजिनिअर (१०:०८)
तारीख बरोबर दिसतेय का त्यावर? जीपीएसमध्ये आठवडे मोजायला दहाच बिट आहेत, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर. ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं. जुन्या यंत्रांना अपडेट नसेल तर ती वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतात, आणि उपग्रह शोधायला तासन् तास लावतात. माझ्या मते तुमचं हेच आहे. नक्की हेच आहे.

लीड्सचा_सांगलीकर (१०:१२)
तारीख बरोबर आहे. घड्याळ एक तास मागे आहे, पण ते समर टाइमचं असावं, उन्हाळ्यात इथे घड्याळ तासभर पुढे करतात ना. काचेत ठिपके वगैरे काही नाही. आणि उपग्रहांचा प्रश्न नसावा, कारण गाडीत बसून न जोडता चालू केला तर सिग्नलच्या हिरव्या दांड्या भरलेल्या दिसतात.

मिसेस_इन्व्हरनेस (१०:१५)
फोनच वापरणार असाल तर एक लक्षात असू द्या. हातात फोन धरलेला दिसला तर इथे दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटला लायसन्सच जातं. २०२२ च्या मार्चपासून नियम आणखी कडक झालाय, सिग्नलला थांबून गाणं बदललं तरी धरतात. होल्डर आधी नीट बसवा.

पाट्याटाकू (१०:१७)
आणि होल्डर काचेच्या मध्यभागी नको, पोलिसाला समोरचं दृश्य अडलेलं दिसलं तर त्याचीही पावती. मी डॅशबोर्डवर वाळूची पिशवी असलेला स्टँड ठेवतो, वळणावर हलत नाही.

चकली_आणि_चहा (१०:१८)
आता तर ड्रायव्हिंग टेस्टमध्येच सॅटनॅव्ह, म्हणजे हा रस्ता सांगणारा डबा, असतो! २०१७ च्या डिसेंबरपासून. माझ्या वेळी पाचातल्या साधारण चार टेस्टमध्ये वीस मिनिटं त्याच्या सांगण्यावरून चालवायचं असायचं. माझ्या टेस्टला मी चुकीच्या एक्झिटने बाहेर पडले, तरी पास. परीक्षक म्हणाला, रस्ता चुकल्याचे मार्क कापत नाहीत, गाडी कशी चालवली ते बघतात.

रस्तामापक (१०:२२)
सांगलीकर, थांबा. "न जोडता" म्हणजे? कशाला न जोडता? आणि जोडल्यावर स्क्रीनवर काय येतं ते अक्षरशः जसं दिसतं तसं लिहा.

लीड्सचा_सांगलीकर (१०:२६)
चार्जरला, अजून कशाला. बॅटरी अर्धा तास पण टिकत नाही म्हणून गाडीच्या सिगारेट लायटरला लावून ठेवावाच लागतो. लावला की नकाशा जातो आणि एका कॉम्प्युटरचं चित्र येतं, डबा त्याला तारेने जोडलाय असं. त्याच्यापुढे काही नाही. चार्ज होतो. मग परत तेच चित्र.

रस्तामापक (१०:२८)
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! तासभर सगळे आभाळात बघत बसलेत.

अर्धा_इंजिनिअर (१०:२९)
कॉम्प्युटरचं चित्र म्हणजे केबल. मी म्हणणारच होतो.

रस्तामापक (१०:३७)
केबल कोणती लावलीय? ज्याच्याकडून घेतलात त्याने गाडीतली मूळ तार दिली होती का?

लीड्सचा_सांगलीकर (१०:४०)
कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, दहा पौंडांना घेतला. नुसता डबा आणि काचेचा स्टँड. केबल घरात होती, जुन्या कॅमेऱ्याची. मिनी यूएसबी, अगदी फिट बसते. फोनचा लायटरवाला चार्जर आहे, त्याला लावली. केबल ती केबल, त्यात काय असतं?

रस्तामापक (१०:५२)
त्यातच सगळं असतं. मिनी यूएसबीच्या तोंडात पाच पिना असतात. साध्या केबलमध्ये चौथी पिन रिकामी सोडलेली असते. गाडीसाठी जी मूळ तार मिळते तिच्यात हीच चौथी पिन आतल्या आत ग्राउंडला जोडलेली असते, त्यावरून डब्याला कळतं की हा नुसता वीजपुरवठा आहे, नकाशा चालू ठेवायचा. ती खूण मिळाली नाही की अशा जुन्या डब्यांना वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला लावलंय, आणि ते पेन ड्राइव्ह बनून गप्प बसतात. तुमचा डबा बिघडलेला नाही. सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी हे तिथे सापडणार नाही.

उपाय दोन. त्याच कंपनीची, गाडीतली मूळ तार मिळवा, लायटरचं बोंडुक तिला कायमचं जोडलेलं असतं. नाहीतर रात्रभर चार्ज करून अर्धा तास वापरा आणि मग देवाचं नाव घ्या.

पाट्याटाकू (१०:५५)
माझ्याकडच्या डब्यात जोडल्यावर विचारतो, कॉम्प्युटरला जोडायचं का? "नाही" म्हटलं की नकाशा परत येतो. सगळेच गप्प बसत नाहीत. उगाच लोकांना खर्चात पाडू नका.

रस्तामापक (१०:५७)
तुमचा डबा दुसऱ्या कंपनीचा. त्यांच्या डब्यात विचारतात, यांच्यात नाही. चित्राच्या वर्णनावरून सांगतोय.

अर्धा_इंजिनिअर (११:०४)
विकत कशाला घ्यायची? आहे ती केबल कापा, चौथी पिन आणि पाचवी पिन एकमेकींना सोल्डर करा, काम झालं. वीस मिनिटांचं काम.

रस्तामापक (११:०८)
कृपया हे करू नका. काही मॉडेलना पिना थेट जोडून चालत नाही, मध्ये रेझिस्टर लागतो, आणि किती ओहमचा ते मॉडेलवर असतं. शिवाय बाजारच्या बहुतेक केबलच्या तोंडात चौथ्या पिनेला तारच काढलेली नसते. कापल्यावर हातात चारच तारा येतील, लाल, काळी, हिरवी, पांढरी. पाचवी कुठून आणणार?

अर्धा_इंजिनिअर (११:१०)
तोंड फोडून.

खडूस_आजोबा (११:१३)
परवा पहाटे निघायचंय त्या माणसाला तोंड फोडायला सांगताय. अजून एक, स्वस्तातले लायटर चार्जरही घेऊ नयेत. त्यातल्या सर्किटचा आवाज जीपीएसच्या पट्ट्यात, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास, सांडतो आणि उपग्रह दिसेनासे होतात. हलक्या डॅशकॅमनेही असंच होतं. मुलाच्या गाडीत कॅमेरा बंद केला की जीपीएस चालू, कॅमेरा चालू की जीपीएस बंद. महिनाभर कोणाला कळेना.

लीड्सचा_सांगलीकर (११:१६)
डॅशकॅम नाही. बरं, तार कुठे मिळेल उद्याच्या उद्या? ऑनलाइन मागवली तर शनिवारी येतेय.

चकली_आणि_चहा (११:२०)
हॅलफर्ड्स या गाडीच्या सामानाच्या दुकानात विचारा, नाहीतर चॅरिटी शॉपमधली (दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) वायरींची टोपली उपसा. आमच्याकडच्या टोपलीत असल्या तारांचे नुसते गुंते असतात, एक पौंडाला कुठलीही. ऑफिसात ग्रुपवर टाका, ज्यांनी सॅटनॅव्ह वापरायचे सोडलेत त्यांच्या ड्रॉवरमध्ये तार हमखास असते. डबा फेकतात, तार ठेवतात.

लीड्सचा_सांगलीकर (गुरुवार, दुपारी १:४८)
ऑफिसात मिळाली! आमच्या अकाउंट्सवाल्या काकूंच्या गाडीच्या डिकीत होती. जोडली, नकाशा गेला नाही. रस्तामापक, आभारी आहे.

आता नवीन भानगड. फोर्ट विल्यम ते पोर्ट्री टाकलं तर हा मॅलेग बंदराला नेतोय आणि पुढे पाण्यातून निळी तुटक रेघ. स्कायला पूल आहे ना?

मिसेस_इन्व्हरनेस (२:०५)
पूल आहे, १९९५ पासून आहे, आणि २००४ च्या डिसेंबरपासून टोलही नाही. मॅलेगहून स्कायवरच्या आर्मडेलला फेरी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, जाते, तुमच्या डब्याला तो रस्ता जवळचा वाटतोय. सेटिंग्जमध्ये "टाळा" अशी यादी असेल, त्यात फेरीवर खूण करा. मग तो ए८२ ने इन्व्हरगॅरी, तिथून ए८७ ने काइल ऑफ लोहॅल्श, पूल, पोर्ट्री असा नेईल. खूण केली नाहीत तर आणखी एक गंमत होते. काही डबे शीएल ब्रिजवरून डावीकडे ग्लेनेल्गला वळवतात. खिंडीतून वर जाणारा, एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता, आणि शेवटी काय, तर छोटी फेरी, जिच्यावरची गाड्यांची फळी माणसं हाताने फिरवतात. ती फक्त ईस्टर ते ऑक्टोबर चालते, आणि संध्याकाळनंतर बंद. एका हिवाळ्यात आमचे पाहुणे रात्री आठ वाजता त्या धक्क्यावर उभे होते.

चकली_आणि_चहा (२:११)
फेरी टाळा का म्हणता? मॅलेगच्या रस्त्यावर ग्लेनफिनन लागतं, तो कमानींचा रेल्वे पूल, वाफेची गाडी! आई-बाबांना दाखवायलाच हवं.

मिसेस_इन्व्हरनेस (२:१४)
दाखवा की, पण फेरीचं आधी बुकिंग करून. सीझनमध्ये गाडीला जागा मिळत नाही. डब्याला बुकिंगचं काय कळतं!

रस्तामापक (२:३०)
पोर्ट्रीच्या घराचा पत्ता पोस्टकोडने टाकू नका. शहरात एक पोस्टकोड म्हणजे पाच-पंचवीस घरं, हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात, तो मैलभर पसरलेला असतो. बुकिंगमध्ये अक्षांश-रेखांश दिले असतील ते टाका. टाकताना दोन गोष्टी बघा. एक, रेखांशापुढे पश्चिम निवडा. जुन्या डब्यात बऱ्याचदा पूर्व ठेवलेलं असतं, तसंच राहिलं तर स्काय उत्तर समुद्रात जाऊन पडतं. दुसरं, नमुना कोणता आहे ते पाहा. बुकिंगमध्ये ५७.४१ असं दशांशात असेल आणि डबा अंश-मिनिटं मागत असेल, तर ते ५७ अंश २४.६ मिनिटं होतात. ५७ अंश ४१ मिनिटं टाकलीत तर तीस किलोमीटर उत्तरेला, बेटाच्या टोकाशी पोचाल.

खडूस_आजोबा (२:४४)
आणि पोचायची वेळ दाखवतो त्यावर जाऊ नका. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावरही कायद्याने वेगमर्यादा साठ मैल असू शकते, त्यामुळे जुना डबा तुम्ही तसेच सुसाट जाल असं धरून चालतो. प्रत्यक्षात दर दोनशे पावलांवर पासिंग प्लेसमध्ये (कडेला गाडी घ्यायची रुंद जागा) थांबून समोरच्याला हात करावा लागतो. आणि मागच्याला पुढे जाऊ द्या, तिथले लोक कामावर निघालेले असतात.

लीड्सचा_सांगलीकर (रात्री १०:२०)
फेरी टाळली, रेखांश पश्चिम केला. आता पुलावरून नेतोय. ग्लेनफिनन परतीच्या दिवशी. बाबा म्हणतात डबा कशाला, गावात शिरलं की माणसाला विचारायचं.

खडूस_आजोबा (१०:२६)
बाबांचं ऐका.

नाविक_भारतीय (१०:३१)
दीड हजार किलोमीटरचा पट्टा पुढे वाढवणार आहेत, तेव्हा बघू.

वाट_चुकलेला (शुक्रवार, सकाळी ७:०५)
धागा आत्ता पाहिला. काचेवर सनफिल्म लावलीय का?