घरी गेल्यावरही प्राध्यापक नोकरीतच असतो का?

खिडकीतला_कावळा:
आमच्या कॉलेजात परवा परिपत्रक फिरलं. कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेबाहेरही पदाला शोभेल असंच वागावं म्हणे. शोभेल म्हणजे काय, ते कुठेच नाही. आम्ही सह्या करून मोकळे.

मला आठवले श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या क्वार्टरमध्ये लोक कॅमेरा घेऊन घुसले. आत सिरस आणि एक रिक्षावाला होता. त्यांचं चित्रण झालं आणि विद्यापीठाने गैरवर्तनाबद्दल निलंबित केलं ते सिरसांना. निवृत्तीला काही महिने उरले होते. गुन्हा म्हणावा, तर दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले होते.

१ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन थांबवलं. वागण्याचा नोकरीशी ठोस संबंध नसेल तर ते गैरवर्तन नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. ७ एप्रिलला सिरस अलीगढमध्येच भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

तर माझ्या मते न्यायालयाची ती एक ओळच नियम म्हणून पुरे. बाकी परिपत्रक रद्दीत घाला.

निवृत्त_गुरुजी:
असहमत. मास्तर टपरीवर चहा प्यायला बसला तरी मास्तरच असतो. छत्तीस वर्षं मी हे पाळलं, फार जड गेलं नाही. क्वार्टर विद्यापीठाचं, आवार विद्यापीठाचं, मग नियम कुणाचा? सिरसांचं वाईटच झालं, पण एका उदाहरणावरून नियम काढलात तर रात्री अकराला विद्यार्थिनीला मेसेज पाठवणाराही 'माझा खाजगी वेळ' म्हणून सुटेल.

खिडकीतला_कावळा:
नाही सुटणार, गुरुजी. ती त्याची विद्यार्थिनी आहे. नोकरीशी संबंध तिथेच आला. रात्रीचे अकरा वाजलेत की सकाळचे, काय फरक पडतो?

आस्थापना_शाखा:
फायलीच्या बाजूने बोलतो. केंद्राचे वर्तणूक नियम १९६४ चे, महाराष्ट्राचे १९७९ चे, आणि विद्यापीठांचे बरेचसे त्याच वळणावर. 'अशोभनीय' शब्द मोघम ठेवतात, कारण माणूस काय काय करेल याची यादी कोण करणार? इतपत मी गुरुजींच्या बाजूने.

पण कार्यालयाबाहेरच्या वागण्याच्या तक्रारी माझ्या टेबलावर कधी येतात ते सांगू? पदोन्नतीची यादी लागली की. अमुक सर ढाब्यावर दिसले, तमक्या मॅडमनी अमुक फोटो टाकला. तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

बिनपगारी:
सभा-मोर्चाचंही तेच. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने सांगितलं की राजकीय सभेला नुसतं हजर राहणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे. ज्या बाईचा तो खटला, ती सरकारी कर्मचारी होती. मी तासिका तत्त्वावर, सुट्टीचा पगार नाही. मग सुट्टीतल्या वर्तनाचे नियम मला कोणत्या हिशेबाने?

निवृत्त_गुरुजी:
बिनपगारींचा मुद्दा बिनतोड. आणि कॅमेरा घेऊन घुसणाऱ्यांना आधी पकडायला हवं होतं, हेही मान्य. क्वार्टरचा मुद्दा मात्र सोडत नाही.

खिडकीतला_कावळा:
भाडं पगारातून कापतात ना? मग आतून कडी लावायचा हक्क भाडेकरूचा.

आस्थापना_शाखा:
दुरुस्ती: घरभाडे भत्ता बंद होतो, वर अनुज्ञप्ती शुल्क (क्वार्टर वापरण्याची फी) कापतात. कडी मात्र आतूनच असते.